अंग धरलं

९ जून

वन्संना नमस्कार.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला टाकू नका, एवढीच विनंती. फोन केला असता, पण फोनवर तुमचा आवाज चढतो आणि माझा बसतो, आणि मग सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून पत्र.

बातमी चांगली आहे. तुमच्या भावानं अंग धरलंय.

यांच्या निवृत्तीच्या दिवशी बस डेपोतल्या सगळ्या माणसांसमोर तुम्ही म्हणाला होतात, "हिच्या हातचं खाऊन माझ्या भावाचा खराटा झालाय. शर्ट घातलाय की खुंटीला अडकवलाय तेच कळत नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता आणि रडायचं तर तो आधी कुठं तरी ठेवावा लागला असता. तेव्हापासून आपलं बोलणं खुंटलं ते खुंटलंच. मधे यांना हृदयाचा झटका येऊन गेला, तेव्हाही तुम्ही यांच्याशी बोललात, पण ‘तिला फोन दे’ काही म्हणाला नाहीत. असो. उणंदुणं काढायला हे पत्र नाही. खरं सांगायचं तर थोडं त्यासाठीही आहे.

तर ऐका. गेल्या दोन महिन्यांत मी यांच्या पँटची कंबर दोनदा उसवून सैल केली. शिवतानाच आत जास्तीचं कापड सोडायची माझी सवय, ते कापडही संपलं. आता मागं तुकडा जोडावा लागणार. जन्मभर गिऱ्हाइकांच्या कंबरा सैल करून दिल्या, पण घरच्या माणसाची करताना हाताला जे सुख वाटलं ते कधी वाटलं नव्हतं. चपलांचे पट्टे सोडले. गाल वर आलेत. शेजारीण म्हणाली, "काका मजेत दिसतात हल्ली." मी म्हटलं, "मजेत ठेवलंय म्हणून दिसतात."

पाणी तर इतकं पितात की विचारू नका. नोकरीत असताना बिचारे घसा ओला करण्यापुरतं प्यायचे. एकदा गाडी सुटली की थांब्याशिवाय थांबवायची नाही, स्वतःसाठीसुद्धा नाही, हा यांचा बाणा. आता पाण्याचा मोठा जग शेजारी घेऊन बसतात. म्हणतात, "आता गाडीही मीच आणि थांबाही मीच."

थोडी धाप लागते, पण वजन वाढलं की लागायचीच. जिन्यात दुसऱ्या मजल्यावर थांबून खिडकीबाहेर बघतात. देखावा बघतोय म्हणतात. तिथून समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात. उशा हल्ली दोन लागतात. वयाबरोबर माणूस शौकीन होतो, दुसरं काय.

कळावं म्हणून कळवलं. उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुमची भावजय


१९ जून, दवाखान्यातून

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. ‘त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धर. खळगा राहिला तर सुई खाली ठेव आणि डॉक्टर गाठ. बाबांचं असंच झालं होतं.’

वाचून असा संताप आला म्हणून सांगू. म्हटलं, हिला माझं एवढंसं कौतुकही सोसवेना. कार्ड मशीनच्या खणात टाकलं. पण काम करताना डोळा त्या खणाकडेच जायला लागला. शेवटी हे पेपर वाचत बसले होते, तेव्हा मी यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि अंगठा दाबला.

"काय चाललंय?"

"माप घेतेय."

"नडगीचं?"

"नवीन फॅशन आलीय."

अंगठा काढला. खळगा तिथंच राहिला. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. मी बघत राहिले, हे पेपरच्या वरून माझ्याकडे बघत राहिले. पँट तुमच्या भावानं भरलीच नव्हती, वन्सं. पाण्यानं भरली होती.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी तपासून सांगितलं, "हार्ट फेल्युअर आहे." मी भिंतीला धरलं. आपल्यात हार्ट फेल झालं म्हणजे माणूस गेला, दुसरा अर्थ मी जन्मात ऐकलेला नाही. तर हे खाटेवरून म्हणतात, "डॉक्टर, फेल झालं असेल तर मघापासून चहा कोण मागतंय?" त्या हसल्या. मग मला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, दमलंय. रक्त पुढं ढकलायला कमी पडतं, म्हणून पाणी अंगात साठतं. आधी पायात, मग पोटात, मग छातीत. त्या दोन उशा शौकाच्या नव्हत्या. आडवं झालं की श्वास कोंडतो म्हणून होत्या.

"बरं होईल ना?" मी विचारलं.

"सांभाळता येईल," त्या म्हणाल्या. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, त्यांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. मग मी विचारायचं सोडलं.

मला तुमच्यासमोर लाज वाटतेय आणि तुमचा रागही येतोय. इतक्या लांबून, माझ्याच बढाईतून तुम्हाला दिसलं. मी रोज टेप हातात घेऊन बघत होते, मला नाही दिसलं.

पाणी उतरतंय. काळजी करू नका म्हणणार नाही, कारण मी करतेय.


६ जुलै

वन्सं, नमस्कार.

घरी येऊन बरेच दिवस झाले. आता आमच्या घरात एक वजनकाटा आलाय आणि त्याचं राज्य चालतं. सकाळी उठून, लघवी करून, चहाच्या आधी त्यावर उभं राहायचं. आकडा मी वाचते. हे छताकडे बघत उभे राहतात, खाली काय चाललंय त्याच्याशी आपला संबंध नसल्यासारखे. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं. चहा त्यातच. यावर आमचं मोठं भांडण झालं.

"चहा म्हणजे पाणी नाही," हे म्हणाले.

"मग काय आहे?"

"चहा आहे."

दवाखान्यातली नर्स अधूनमधून फोन करते. वजन किती, धाप आहे का, गोळ्या घेतल्या का, मीठ किती. यांनी तिचं नाव ‘चेकर’ ठेवलंय. फोन वाजला की म्हणतात, "चेकर चढला गाडीत, तिकिटं काढा." आणि मग फोनवर इतके गोड बोलतात की ऐकत राहावं. "हो ताई, सगळं वेळेवर. नाही ताई, मीठ बंद." मी समोर उभी असते. जेवणात यांनी वरून मीठ घेतलेलं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं असतं. मी काही बोलत नाही. परक्या बाईसमोर नवऱ्याला तोंडघशी कसं पाडायचं.

नवीन गोळ्यांत एक पाण्याची गोळी आहे. ती घेतली की अंगातलं पाणी लघवीवाटे जातं. सकाळी घ्यायची. घेतली की दुपारपर्यंत सारखं उठावं लागतं. यावरूनही कुरकुर असते, पण तुमचं पत्र आलं आणि सूर बदलला. त्यात तुम्ही काय लिहिलंत मला माहीत नाही, यांनी मला दाखवलं नाही. वाचलं, घडी केली, आणि निमूट गोळी गिळली. सत्तरी ओलांडलेला माणूस अजून मोठ्या बहिणीला घाबरतो हे बघून मला हसूही आलं आणि थोडं पोटात दुखलंही. माझं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं.

सकाळी पुन्हा डेपोसमोरच्या बाकावर जायला लागलेत. निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टरांचा अड्डा आहे तिथं. त्यातल्या एकाला सगळे ‘हॉर्न’ म्हणतात, का ते त्याचा फोन आला की फोन कानापासून लांब धरावा लागतो तेव्हा कळतं. बसनं जातात, बसनं येतात. तेवढाच विरंगुळा.

आणि एक सुधारणा सांगायची राहिली. परवा बाकावरून आले आणि स्वतःची पँट स्वतः धुऊन दोरीवर टाकली. चहा सांडला म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. म्हटलं, आजारपणानं माणूस शहाणा होतो.


२९ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते तुम्हाला फाडून टाकावं लागलं असतं.

हो, पुन्हा भरती करावं लागलं. सूज परत आली, रात्री बसून काढल्या, शेवटी ऑक्सिजन लावला. आता घरी आहेत. का झालं ते कोणाला कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या रोज घेतात ना?" हे म्हणाले, "रोज." मी म्हटलं, "रोज, माझ्यासमोर हातात देते." त्या कागदाकडे बघत राहिल्या.

तुम्ही लिहिता, ‘त्याला इकडे पाठव. तुला जमत नाही हे आता दिसलंच.’ दिसलं खरं. तुमच्याकडे सून आहे, लिफ्ट आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे. माझ्याकडे तीन मजले आणि एक शिवणयंत्र. हिशेब तुमच्या बाजूनं आहे, हे मला कळतं.

पण वन्सं, यांना तिकडं नेऊन ठेवलंत तर हे कोणाशी बोलतील? तुमच्या घरात हे पाहुणे. पाहुणा माणूस पाणी मागायला लाजतो, तसा दुखलं म्हणायलाही लाजतो. आणि माझं काय, ते मी लिहीत नाही. सकाळी मशीनवर बसले की मागून यांचं खोकणं ऐकू येतं, त्यावर माझा पाय चालतो.

तरीही तुमच्या शब्दाचा मान ठेवते. एकच संधी द्या. यापुढं पुन्हा भरती करायची वेळ आली, तर मी स्वतः यांना तुमच्याकडे आणून सोडीन. हा माझा शब्द. यांना यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.


११ ऑगस्ट

वन्सं, नमस्कार.

आज लिहितेय ते वाचून मनातच ठेवा. यांना कळलं की मी लिहिलं, तर माझ्याशी बोलणार नाहीत.

पाणी उतरल्यावर सगळ्या पँटी ढगळ झाल्या. ज्या कंबरा हौसेनं सैल केल्या त्याच पुन्हा आवळायला बसले. कंबरेच्या आत मी यांना एक चोरखिसा शिवून देते, जुनी सवय. एका पँटचा तो खिसा जाड लागला. उलटा केला तर गोळ्या. पाण्याच्या गोळ्या, काही अख्ख्या, काही घामानं विरघळून कापडाला चिकटलेल्या. दुसरी पँट घेतली. त्यातही.

म्हणजे मी हातात देत होते, हे तोंडाशी नेत होते, पाणी पीत होते, आणि गोळी खिशात. माझ्यासमोर. माझ्याच हातानं शिवलेल्या खिशात.

आधी वाटलं, तशीच पँट यांच्या अंगावर फेकावी. वाटलं, तुम्हाला फोन लावून द्यावा, होऊ दे काय ते. नर्सला सांगावं. मग लक्षात आलं की आम्ही सगळ्यांनी यांना आजवर एकच विचारलंय, गोळी घेतली का? ‘का घेत नाही’ हे कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

दुपारी यांच्याजवळ जाऊन बसले. गोळ्या ओंजळीत होत्या. हे बघत राहिले, मग म्हणाले, "बाकावर जायचं असलं की नाही घेत."

"का?"

"उगीच सारखं उठावं लागतं."

"डेपोत सोय आहे की."

"डेपोत आहे. बसमध्ये नाही."

मग खिडकीकडे तोंड करून यांनी सांगितलं. पहिल्यांदा घरी आल्यावरची गोष्ट. गोळी घेऊन बाकावर गेले होते. परतताना बसमध्ये घाई झाली. ड्रायव्हर यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, गुरुजी म्हणतो यांना. एक शब्द बोलले असते तर गाडी बाजूला घेतली असती त्यानं.

"मग बोलला का नाहीत?"

"कोणत्या तोंडानं बोलू?" हे म्हणाले. "माझ्या गाडीत किती माणसं यायची पुढं. म्हातारी माणसं, पोटुशा बाया. दादा, एक मिनिट थांबा हो. मी आरशातून बघायचो आणि म्हणायचो, थांब्यावर थांबेल. कधी थांबवली नाही. त्या पोरालाही तेच शिकवलं."

आणि सीटवरच झालं, वन्सं. तुमच्या भावाचं. थांबा आल्यावर पेपर पुढं धरून उतरले आणि चालत घरी आले. तो चहा सांडलेला दिवस. मी तुम्हाला गमतीनं लिहिलं होतं.

यांचा हात हातात घेतला. हे म्हणाले, "मरायची भीती नाही वाटत. बाकावरच्या माणसांना कळेल याची वाटते."

दुसऱ्या दिवशी मी नर्सला फोन केला. सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं की ती गोळी सकाळऐवजी बाहेरून आल्यावर घेतली तर चालेल का. ती डॉक्टरीणबाईंना विचारून आली आणि म्हणाली, "चालेल की, फक्त चार वाजायच्या आत घ्या, नाहीतर रात्रभर जागं राहाल. आधीच विचारायचं ना मावशी." यांना सांगितलं तर म्हणतात, "चेकरचा जीव इतका मोठा असतो हे माहीत नव्हतं."

आता दुपारी घेतात. माझ्यासमोर, आणि नंतर पाणी पिऊन हात उघडा करून दाखवतात, न विचारता. मला ते बघवत नाही.

तुम्ही यांना यावर काही लिहू नका. रागावूनही नको, मायेनंही नको.


३ सप्टेंबर, सकाळ

वन्सं,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या. खाली टॅक्सी बोलावलीय. हे पाकीट दवाखान्याच्या वाटेवर टाकीन.

तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. गोळ्या सगळ्या घेतल्या, मीठ नाही, पाणी मोजून, चहासुद्धा अर्धा. तरीही. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या की नीट वागूनही असं होऊ शकतं, तो आजारच तसा आहे. तेव्हा मी ते कानाआड केलं होतं.

आज काट्यावर उभे राहिले आणि मी चष्मा शोधत होते, तर यांनीच खाली बघितलं. म्हणाले, "वाढलंय. काल तुला कमी सांगितलं मी, तुझा चष्मा नव्हता. रात्री तिसरी उशी घेतली. चेकरला फोन लाव आणि माझ्याकडे दे."

फोन घेतला आणि सरळ सांगितलं. "ताई, वजन चढलंय, धाप आहे, पाय सुजलेत. काल मी लपवलं, आज नाही लपवत." तिनं सांगितलं, दुपारची वाट बघू नका, पाण्याची गोळी आत्ताच घ्या आणि निघा, कदाचित ठेवून घ्यावं लागेल.

आत्ता गोळी म्हणजे वाटेत काय होणार हे दोघांनाही कळत होतं. दवाखाना काही जवळ नाही. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गोळी घेतली.

आता माझ्या शब्दाचं. पुन्हा भरती झाली तर आणून सोडीन असं मी लिहून दिलं होतं. तो शब्द मी मागे घेते. तुम्ही म्हणाल, हिच्या बोलण्याला काही किंमत आहे की नाही. नसेना. तेव्हा मला वाटलं होतं, भरती करावं लागलं म्हणजे मी हरले. आजचं तसं नाही. आज हे स्वतः निघालेत. माणूस स्वतःच्या तोंडानं ‘मला बरं नाही’ म्हणायला लागला, ते ज्या घरात म्हणाला त्या घरातून मी त्याला हलवणार नाही. कितीही दिवस असोत.

तुम्ही या. न्यायला नको, राहायला या. जिना जड जाईल, सावकाश चढा, मी प्रत्येक मजल्यावर स्टूल ठेवीन. माझ्या हातचं अळणी जेवावं लागेल आणि त्याला नावं ठेवायची मुभा आहे.

वरून खालचं सगळं ऐकू येतंय. हॉर्न आलाय मदतीला, त्यानं आणि शेजारच्यानं यांना धरून खाली नेलं. मी कपडे आणि कागद पिशवीत भरतेय आणि मधेच दोन ओळी लिहितेय. हॉर्नचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जातोय, टॅक्सीवाल्याला रस्ता समजावतोय. आता यांचा आवाज आला. गाडी चालवताना मागच्या सीटपर्यंत पोचायचा तसा, स्वच्छ.

"भाऊ, वाटेत एकदा थांबवावी लागेल. लघवीची गोळी घेऊन निघालोय. दोनदाही लागेल."

हॉर्न गप्प झालाय. टॅक्सीवाला म्हणतोय, "सांगा काका, म्हणाल तिथं थांबवतो."

मला हाक मारतायत. जाते.